तिसऱ्या गोळीपाशी आम्ही थांबलो

"औषधाबद्दल शाळा काही सांगू शकत नाही." इथे अमेरिकेत, आमच्या मुलाच्या शाळेच्या बैठकीत काउन्सेलर बाईंनी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं, की शेवटी नवरा माझ्याकडे बघून हसायला लागला. पण कायदाच तसा आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात 2004 साली दुरुस्ती झाली, तेव्हा 'आधी गोळी सुरू करा, मग वर्गात बसवू' अशी अट शाळेने घालायची नाही, असं त्यात लिहिलं गेलं. कुणी तरी घालत असणार, त्याशिवाय कायदा कोण करतं? मला या नियमाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे बाई पालकसभेत चारचौघांदेखत 'याला कुठं तरी दाखवा हो' म्हणून मोकळ्या होतात.

पण बैठक संपता संपता त्याच बाईंनी एक पाकीट हातात दिलं. आत व्हॅन्डरबिल्ट नावाचा फॉर्म. औषधाबद्दल अक्षर नाही, फक्त प्रश्न.

या फॉर्मवर माझा फार राग आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या. पालकांसाठी 55 प्रश्न, शिक्षकांसाठी 43. प्रत्येकाला चारच उत्तरं: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमीच. पहिले नऊ प्रश्न लक्ष न लागण्याचे, पुढचे नऊ चंचलपणाचे. कुठल्याही नवात सहा ठिकाणी 'बऱ्याचदा' किंवा त्याच्या पुढची खूण झाली की एडीएचडीकडे, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराकडे, बोट. बाकीच्या अटी आहेत म्हणा: घर आणि शाळा दोन्हीकडे दिसायला हवं, सहा महिने तरी टिकायला हवं, सुरुवात बारा वर्षांच्या आत हवी. पण पहिला दगड हाच.

आता प्रश्न बघा. हातपाय चाळवतो का? बसवल्या जागेवरून उठतो का? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो का? मोटार लावल्यासारखा सतत हलतो का? खूप बोलतो का? खूप म्हणजे कुणाच्या हिशेबानं? सोलापुरात मुरारजी पेठेतल्या आमच्या घरी जेवताना चार जण एकदम बोलतात, आणि गप्प बसणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. आमच्या थोरल्या काकांना सत्तरीत हा फॉर्म दिला तर ते अठरापैकी अठरा घेतील. आणि पुढे तर हद्दच. जनावरांना छळलंय का, हत्यार वापरलंय का, किमती वस्तू चोरल्यात का! दुसरीतल्या पोराबद्दल! मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून 'कधीच नाही'ची गोलं इतकी दाबून काळी केली की कागद फाटला.

तारखेचीही गंमत आहे. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबरला वय मोजून मुलाला वर्ग मिळतो. आमचे चिरंजीव ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातले, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान. शेजारच्या बाकावरचं पोर त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असू शकतं. हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलंय, की अशा 1 सप्टेंबरच्या राज्यांत ऑगस्टच्या मुलांना एडीएचडीचं निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा 34 टक्के जास्त होतं. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. "हो, तोही एक मुद्दा आहे," म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

तरीही पहिल्या गोळीला आम्ही हो म्हटलं, आणि त्याबद्दल सोलापूरहून आलेले फोन मी अजून विसरले नाही. "अमेरिकेत जाऊन पोराला वेड्याच्या गोळ्या चारताय?" चारतोय. पोरगा वाचायला बसला की दुसऱ्या ओळीवर रडायचा, स्वतःच्याच डोक्यात टपल्या मारायचा. त्याला बघायला फोन करणाऱ्यांपैकी कुणी नव्हतं. ही पहिली गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट, आणि ते काही कालपरवा निघालेलं औषध नाही. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये पानिझ्झोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं. रिटालिन हे त्या औषधाचं बाजारातलं नाव त्याच्या बायकोच्या, रिटाच्या नावावरून. इथे इतकी कडक नजर की एका चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही, दरवेळी नवी चिठ्ठी. आणि पोरानं काही आठवड्यांत एक अख्खं पान न रडता वाचलं.

शिवाय आपल्याकडे असं पोर नसतं, असं कुणी मला सांगू नये. आमच्या वर्गात एक होता. गुरुजींची छडी त्याच्यासाठीच ठेवलेली. आठवीत शाळा सुटली आणि अशोक चौकाकडे यंत्रमागावर गेला. त्याला कुणी फॉर्म दिला नाही, पाकीट दिलं नाही. आजही लोक सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जायचं टाळतात आणि पुण्याला दाखवायला जातात, का? तर तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही. फोन करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

पण पुढचं मात्र मला पटलं नाही. गोळीनं भूक गेली, डबा भरलेला परत यायचा. रात्री झोप येईना. म्हणून दुसरी गोळी, क्लोनिडिन. मूळची रक्तदाबाची, पण मुलांना झोपेसाठी आणि चंचलपणासाठी देतात. मग संध्याकाळी पोरगा उसळायला लागला. बूट फेकले, दार आपटलं, कारण काय तर केळं मधून मोडलं. पुढच्या भेटीत, पाव तास असेल नसेल, डॉक्टर म्हणाले मूडचा प्रश्न दिसतोय, रिस्पेरिडोन घालू. हे मानसिक आजारांवरचं औषध.

मी कान टवकारले. लहान वयात या औषधाला 2006 साली मान्यता मिळाली ती ऑटिझम असलेल्या मुलांच्या चिडचिडीसाठी. आमच्याला ऑटिझम नाही, असं याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं. मान्यतेबाहेर देता येतं, बेकायदा नाही. पण वजन वाढतं, साखर तपासत राहावी लागते. आणि 'मूड' म्हटलं की इथला इतिहास आठवतो. 1994-95 ते 2002-03 या काळात मुलांना बायपोलर (मूडच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) म्हणून नोंदवलेल्या डॉक्टरभेटी चाळीसपट झाल्या. शेवटी 2013 साली मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात सततच्या चिडचिडीसाठी वेगळा कप्पा करावा लागला, की उठसूट बायपोलरचा शिक्का बसू नये.

नवरा बार्शीचा, हिशेबाला पक्का. त्यानं भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं (आई दरवर्षी धाडते) आणि रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायला लागला: गोळी किती वाजता, जेवला किती, झोपला कधी, उसळला कधी. संकष्टीच्या बाजूला 'बूट, 5:10'. उसळणं सगळं चार ते सहाच्या मधलं. शनिवारी-रविवारी गोळी उशिरा, तर उसळणंही उशिरा. सकाळच्या गोळीचा अंमल उतरायची वेळ, दुसरं काही नाही.

ती पानं घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मुलांच्या वाढीच्या आणि वर्तनाच्या तज्ज्ञ. नंबर लागायला महिने गेले. त्या बाईंनी फॉर्मपेक्षा कालनिर्णय जास्त वेळ पाहिलं. पहिली गोळी कमी केली, प्रकार बदलला. क्लोनिडिन हळूहळू उतरवलं; ते एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो, तेव्हा हे वाचून कुणी परस्पर बंद करू नका. तिसरी आलीच नाही. सोबत आईबापांचं प्रशिक्षण. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी हेच द्यावं, आणि मोठ्यांना औषधासोबत, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये लिहून ठेवलंय. विमा कंपनीनं गोळीला कधी हरकत घेतली नाही. या प्रशिक्षणासाठी मात्र नवऱ्याला फोनवर भांडावं लागलं.

जूनमध्ये सोलापूरला आलो, तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "अगं, काही झालेलं नाही त्याला." मामेभाऊ "काय करालास बे?" म्हणत गच्चीवर घेऊन जायचा, संध्याकाळपर्यंत दोघं खाली यायचे नाहीत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन पोरगा गुटगुटीत. गच्चीवर कुणालाच एडीएचडी नसतो. मग आईनं एकदा त्याला मराठी वाचायला बसवलं. पाच मिनिटांत पोरगा तिसरीकडेच. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं सुरू केलं: एक ओळ वाच, तुळशीला तांब्याभर पाणी घालून ये, पुढची ओळ वाच. तुळस कुजायची पाळी आली, पण धडा झाला. इथली थेरपिस्ट याला 'मूव्हमेंट ब्रेक' म्हणते आणि तासाचे डॉलर घेते.

आता शाळेनं त्याच्यासाठी लेखी योजना केलीय. पुढचा बाक, परीक्षेला जादा वेळ, मधूनच उठायची मुभा. 'गोळी सुटली का?' असं विचारणाऱ्यांना सांगते, नाही. एक चालू आहे. पुढच्या जूनमध्ये येताना मूळ बाटली आणि डॉक्टरांचं पत्र सोबत असेल. सकाळी गोळी देताना बघून ज्यांना तोंड वाकडं करायचंय, त्यांनी आधी कालनिर्णयाची पानं वाचावीत. बारा महिन्यांची आणणार आहे.