सात महिने अडकलेली प्रश्नावली: माझा अनुभव

माझ्या पीएचडीच्या फाइलच्या पहिल्या पानावर नीतिसमितीने लाल पेनाने लिहिलेली ओळ अजून तशीच आहे. "प्रश्नावली अंतिम स्वरूपात नाही. पूर्वचाचणीचा अहवाल जोडून प्रस्ताव फेरसादर करावा." आजही ती वाचली की डोकं तापतं. पूर्वचाचणी म्हणजे गावात जाऊन दहा-पंधरा म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारून बघायचे, त्यांना काय कळतं आणि कुठे अडतं ते टिपायचं. आणि माणसांना प्रश्न विचारायची परवानगी देणारी समिती हीच. परवानगीशिवाय पूर्वचाचणी नाही, पूर्वचाचणीशिवाय परवानगी नाही. या फेऱ्यात माझे सात महिने गेले.

काम काय होतं ते सांगते. मी आहारशास्त्रात पीएचडी करते. लातूर जिल्ह्यातल्या दोन गावांत साठीच्या पुढच्या लोकांसाठी आहाराची प्रश्नावली तयार करायची आणि तिची उत्तरं खरी निघतात का ते तपासायचं. गेल्या वर्षभरात ज्वारीची भाकरी किती वेळा, एका वेळेला किती. तूरडाळ किती वेळा. दूध, शेंगदाणे, अंडी किती, असे प्रश्न. पाऊण तासात एका माणसाचं वर्षाचं खाणं कागदावर येतं, म्हणून मोठ्या अभ्यासांत हीच पद्धत चालते. पण पंचाहत्तरीतल्या आजीने आठवून सांगितलेलं वर्ष कितपत धरायचं? म्हणून त्याच आजीकडे वेगवेगळ्या तीन दिवशी जायचं, 'काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं' हे बारीक विचारायचं, काही घरांत ताटच काट्यावर ठेवायचं आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडायचे. काही महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा, उत्तर टिकतं का ते बघायला.

पदार्थांची यादी, गाइडची सही, विभागातलं सादरीकरण हे दीड महिन्यात उरकलं. १८ नोव्हेंबर २०२४ला मी बारा प्रती घेऊन नीतिसमितीच्या कार्यालयात गेले. आवक नोंदवहीत नंबर पडला. तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब साधा होता: जानेवारीत परवानगी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली फेरी, उन्हाळ्यात दुसरी, दिवाळीआधी काम संपलं.

डिसेंबरात पहिलं त्रुटीपत्र आलं. संमतीपत्राचं मराठी भाषांतर केलं ते ठीक, पण ते मराठीतून पुन्हा इंग्रजीत करून दोन्ही जुळतात असं प्रमाणपत्र हवं. हे मला पटलं. माझ्या मूळ संमतीपत्रात 'सहभागी व्यक्तीस कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा अधिकार राहील' असलं वाक्य होतं, आणि माझ्याच आईला ते दोनदा वाचून दाखवावं लागलं. 'नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, कुणी काही बोलणार नाही' असं केलं तेव्हा जमलं. ते पंधरा दिवस गेले त्याचं दुःख नाही.

दुसरी त्रुटी मात्र मला आजही मान्य नाही. प्रश्नावलीत मी 'कोरड्यास' हा शब्द वापरला होता. आमच्याकडे भाकरीबरोबर जे काही खातात ते कोरड्यास. वरण, पिठलं, पालेभाजी, उसळ, काहीही. शेरा आला: 'बोलीभाषेतील शब्द टाळून प्रमाण मराठी वापरावी.' मी 'भाजी' केलं, कारण तारीख गाठायची होती. याची किंमत पुढे गावात कळली. पहिल्याच घरात विचारलं, "आजी, भाजी रोज खाता का?" आजी म्हणाल्या, "भाजी कुठली माय, मोसमात मिळाली तर. मेथी, अंबाडी, तेवढंच." त्यांच्या लेखी भाजी म्हणजे पालेभाजी. कागदावर दिसलं की बाई आठवड्यातून एकदाच भाजी खाते, आणि चुलीपुढे त्याच वेळी पिठल्याचं भगुलं ठेवलेलं. त्या एका शब्दाने अर्ध्या यादीची उत्तरं खोटी पडली असती.

मग बैठका. जानेवारीतली कोरम भरला नाही म्हणून रद्द झाली. नियमाप्रमाणे किमान पाच सदस्य हवेत, त्यात संस्थेबाहेरचाही हवा, आणि तसं असायलाच हवं. पण बैठक रद्द झाल्याचं मला तिथे पोचल्यावर कळलं. फेब्रुवारीतली पुढे ढकलली. मी एसटीने दोन तास जायचे, लाकडी बाकावर बसायचे, बाबू मान वर न करता म्हणायचे, "मॅडम, बैठक लागली की कळवू ना." ते कळवायचे नाहीत. मार्चच्या शेवटी बैठक झाली आणि एप्रिलमध्ये ती लाल पेनाची ओळ हातात आली.

मी तिथेच कार्यालयातल्या साहेबांना विचारलं, "साहेब, पूर्वचाचणी करायला पण तुमचीच परवानगी लागते ना?" ते म्हणाले, "ते बरोबर आहे. पण समितीला अंतिम प्रश्नावली दिसली पाहिजे." मी म्हणाले, "गावात गेल्याशिवाय अंतिम कशी होईल?" ते म्हणाले, "ते तुम्ही तुमच्या गाइडना विचारा." गाइडना विचारलं तर ते म्हणाले, समितीला विचारा. एप्रिल-मे असाच गेला. एकदा मनात आलं की घरच्या घरी पंधरा कागद भरावेत आणि अहवाल जोडावा. पण ज्या कामाचा सगळा मुद्दाच खरं-खोटं पारखण्याचा, त्याची सुरुवात खोट्याने करायला हात धजला नाही.

मार्ग दाखवला तो दुसऱ्या विभागातल्या एका निवृत्त मॅडमनी, चहा पिता पिता. त्या म्हणाल्या, एका प्रस्तावात दोन टप्पे लिही. पहिला टप्पा फक्त शब्द आणि भांडी तपासायचा, पंधरा लोक, तिथली कच्ची प्रश्नावली 'कच्ची' म्हणूनच जोड. दुसरा टप्पा खऱ्या तपासणीचा. पहिल्या टप्प्यानंतरचे बदल दुरुस्ती म्हणून कळवीन असं लिहून दे. आणि एक्स्पिडायटेड रिव्ह्यूसाठी अर्ज कर. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आहे: ज्या कामात माणसाला अगदी किरकोळ जोखीम आहे, ते पूर्ण बैठकीची वाट न बघता मोजक्या सदस्यांकडून तपासता येतं. सुई नाही, औषध नाही, रक्त नाही, फक्त प्रश्न आणि वजनकाटा. हा अर्ज मी नोव्हेंबरातच करू शकले असते. त्या कार्यालयात सात महिन्यांत एकाही माणसाने हे सांगितलं नाही, आणि मीही ती तत्त्वं मुळातून वाचली नव्हती, इतरांच्या फाइली बघून माझी फाइल लावली होती. तुम्ही असं करू नका. आधी ते पुस्तक वाचा.

२७ जून २०२५ला परवानगीचं पत्र मिळालं. बसस्टँडवर उभी राहून मी ते तीनदा वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण बसमध्ये बसल्यावर तारखेकडे लक्ष गेलं. ६ जुलैला आषाढी एकादशी.

ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं ताट आषाढीआधी आणि आषाढीनंतर बघावं. चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद, वांगं बंद. श्रावणात सोमवार, शनिवार, एकादशा. भगर, शेंगदाणे, राजगिरा. काहींनी चार महिने एकवेळ जेवायचं धरलेलं. प्रश्नावली वर्षाचं विचारते खरं, पण माणूस उत्तर देतो ते समोरच्या ताटावरून. "आजी, वांगं?" "छे, वांगं नाही खात." मार्चमध्ये वांग्याचं भरीत आठवड्यातून तीनदा होत असणार हे मला त्या घराच्या परसातल्या झाडांवरून कळत होतं, कागदावर मात्र 'कधीच नाही'. आणि ज्याच्याशी ताडून बघायचं ते तीन दिवसही सगळे चातुर्मासातलेच. म्हणजे काटाच एका बाजूला झुकलेला. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, ओढ्यांना पूर आले, तिसऱ्या दिवसाची भेट लांबली; लोकांच्या घरात पाणी शिरलेलं असताना काल काय खाल्लं हे विचारायला मी गेले नाही. हिवाळा तर आधीच हातचा गेला होता: हुरडा, बाजरीची भाकरी, येळवशीची, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येची, भज्जी आणि आंबिल. २०२४ची येळवस ३० डिसेंबरला होती. त्या दिवशी मी भाषांतराच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत होते.

म्हणून सांगते, परवानगीचा अर्ज कॉलेजच्या कॅलेंडरावर बेतू नका. पंचांग समोर घ्या, कोणत्या महिन्यात ताटात काय असतं ते लिहा आणि तिथून सहा-आठ महिने मागे मोजा.

भाकरीचं सांगायचं राहिलं. प्रश्नावलीत 'एक भाकरी' लिहिलं की काम झालं असं मला वाटायचं. परवानगी अडकली होती तेव्हा मी आमच्याच घरी आणि मावशीकडे पीठ मोजून बघितलं. आईच्या भाकरीला ५५ ग्रॅम पीठ लागलं, मावशीच्या भाकरीला ११०. दोघी 'एक'च म्हणणार. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. दिवसाला तीन भाकरी धरल्या तर फक्त थापणाऱ्या हातामुळे ५५० कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनांचा फरक. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हा शिफारशीचा आकडा धरला तर ४५ किलोच्या आजींची दिवसाची गरज ३७ ग्रॅम. सोळा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर ती बाई उपाशी आहे की धडधाकट खाते हेच कळणार नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या तीन मापांच्या भाकरी कापून न्या, जाडी बोटाने दाखवायला सांगा, आणि शक्यतो सुनेला पीठ मोजू द्या. वाटी-पळीत पाणी भरून मोजा. चहा कपाने विचारू नका. बरेच जण बशीने पितात आणि दिवसात चार-पाच वेळा, त्यातली साखर कुणी धरत नाही. दात नसलेली माणसं भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खातात, ते दूध वेगळं सांगत नाहीत. सगळं सांगून झाल्यावर विसरलेल्या गोष्टींची वेगळी फेरी घ्या: ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कुणाकडे गेल्यावर खाल्लेलं, देवळातला प्रसाद.

आणि एकटं गाठा. हे सगळ्यात महत्त्वाचं, खरं तर आधी लिहायला हवं होतं. एका घरी आजी सुनेसमोर म्हणाल्या, "दूध रोज मिळतं, तूप मिळतं, काही कमी नाही." मी लिहून घेतलं. निघताना त्या वेशीपर्यंत सोबत आल्या आणि म्हणाल्या, "ते दुधाचं खोडून टाक माय. डेअरीला जातं सगळं. लेकाची चूक नाही, कर्ज हाय." मी त्यांच्यासमोर खोडलं. सून वाईट नव्हती, मला तिनेच बसायला चटई टाकली होती. पण माणूस घरात बसून घराची उणीव सांगत नाही, आणि कुठलंही गणित ती चूक पकडू शकत नाही.

गणितावरून आठवलं. दोन पद्धतींचा सहसंबंध, म्हणजे एकीकडचा आकडा वाढला की दुसरीकडचाही वाढतो का ते, चांगला आला म्हणून थांबू नका. प्रश्नावलीने प्रत्येकाचं खाणं दीडपट दाखवलं तरी सहसंबंध उत्तमच येईल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं: दोन मापांतला फरक काढा, तो सरासरीसमोर ठेवा, मग कळतं कुठे किती घसरतं. मी पहिल्या गावाचे आकडे असे मांडले तेव्हा जास्त खाणाऱ्यांकडे फरक फुगत गेलेला दिसला. मोठ्या भाकरीची घरं.

हिवाळ्याची फेरी मी दुरुस्ती म्हणून पुन्हा मागितली आहे. या वेळी 'कोरड्यास' शब्द परत घातला, आणि पहिल्या टप्प्यातली पंधरा उत्तरं पुरावा म्हणून जोडली.

अजून एक, छोटं. सही न येणाऱ्यांचा अंगठा घ्यायचा असतो आणि तेव्हा तुमच्याशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. अंगणवाडीताई किंवा शेजारची जाणती बाई आधी ठरवून ठेवा, शाळकरी मुलगी नको. शाईचा पॅड आपला न्या आणि ओलं फडकंही. एका आजींचा अंगठा तीनदा घेतला तरी कागदावर नुसता निळा गोळा उमटला, रेघा नाहीतच. उभा जन्म भाकरी थापण्यात आणि खुरपण्यात झिजलेल्या. त्या म्हणाल्या, "आता काय करायचं गं?" चौथ्यांदा मी बोटाची कड टेकवली तेव्हा दोन-तीन रेघा आल्या. फडकं नव्हतं. त्यांनी लुगड्याच्या पदराला हात पुसला आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं.