विशेहराद: मेट्रो सोडा, आल्बेर्तोव्हवरून चढून जा

प्रागच्या विशेहराद टेकडीवर येणाऱ्या पर्यटक गटांना राष्ट्रीय दफनभूमीसाठी जेमतेम पंधरा मिनिटं देतात. छत्री वर धरलेला गाईड पुढे, मागे पंचवीस-तीस माणसं. संगीतकार द्वोरझाकच्या कबरीपुढे एक फोटो, स्लावीन या सामाईक समाधीच्या पायऱ्यांवर दुसरा, तटावरून नदीचा तिसरा, की लगेच बसकडे परत. मला या घाईचा मनापासून राग येतो. जागा लहान आहे, एक हेक्टरही भरणार नाही. पण चेक माणसांनी आपलं राष्ट्र कोणाच्या जिवावर उभं केलं ते इथल्या दगडांवर लिहिलेलं आहे, आणि दगड वाचायला वेळ लागतो. दोन तास तरी हाताशी ठेवा.

पोचण्याचा सोपा रस्ता आधी सांगते. मेट्रोची ‘सी’ मार्गिका घ्या, मुझेउमपासून दुसरं स्टेशन विशेहराद. हे स्टेशन नुस्ले दरीवरच्या प्रचंड पुलाच्या टोकाला आहे आणि गाडी त्या पुलाच्या पोटातूनच धावते. बाहेर पडल्यावर ताबोर दरवाजा, मग लिओपोल्ड दरवाजा, मग अकराव्या शतकातलं सेंट मार्टिनचं गोल चर्च. प्रागमधल्या उभ्या असलेल्या अशा गोल चर्चांमध्ये हे सर्वांत जुनं. बारा-पंधरा मिनिटांची चाल, चढ जवळजवळ नाही. गुडघे दुखत असतील, सोबत आई-वडील किंवा बाबागाडी असेल तर हाच रस्ता घ्या. मात्र चाकं फरसबंदीत अडकतात आणि पावसात तो लहान चौकोनी दगड चांगलाच निसरडा होतो.

चालता येत असेल तर मात्र आल्बेर्तोव्हच्या ट्राम थांब्यावर उतरा. हा विद्यापीठाचा भाग आहे. १७ नोव्हेंबर १९८९ च्या दुपारी विद्यार्थी इथे जमले ते यान ओप्लेतालच्या स्मरणासाठी. ओप्लेताल वैद्यकीचा विद्यार्थी. २८ ऑक्टोबर १९३९ च्या निदर्शनात त्याला जर्मनांची गोळी लागली आणि ११ नोव्हेंबरला तो गेला. १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना ठार मारलं आणि चेक विद्यापीठं बंद केली. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून हा मोर्चा होता. तो आल्बेर्तोव्हवरून निघून विशेहरादला, एका कवीच्या कबरीपाशी गेला. त्याच वाटेने वर गेलात तर ही दफनभूमी लोकांना काय वाटते ते पायांना कळतं.

वाट चुकण्याची एक ठरलेली जागा आहे. आल्बेर्तोव्हचा लांबलचक जिना फोटोंमध्ये सारखा दिसतो आणि लोक आपसूक त्याला लागतात. तो जिना कार्लोव्हला नेतो, म्हणजे उलट्या बाजूला. तुम्ही ‘ना स्लुपी’ या रस्त्याने दक्षिणेकडे चला, मग व्रातिस्लावोव्हा रस्त्याचा चढ घ्या. तो त्सिहेल्ना ब्राना म्हणजे विटांच्या दरवाजातून तुम्हाला किल्ल्याच्या आत आणतो. तिथून चर्चचे जुळे मनोरे दिसतातच, त्यांच्या शेजारी दफनभूमीचं दार. प्रवेशाला पैसे नाहीत.

दारापाशी नकाशाचा मोठा फलक आहे. त्यावर नावं आणि प्रत्येकापुढे जागेचा क्रमांक. आत शिरण्याआधी या फलकाचा फोटो काढा, आणि तो काढल्यावर मोठा करून अक्षरं वाचता येतात का तेही तिथेच बघा. आत कबरी इतक्या खेटून आहेत की नुसतं फिरून हवी ती सापडत नाही. सुमारे सहाशे नामवंत इथे आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला त्यांची कुटुंबंही. दगडावर नावाखाली बहुतेक वेळा व्यवसाय कोरलेला असतो. ‘स्पिसोवातेल’ लेखक, ‘मालीरझ’ चित्रकार, ‘सोखारझ’ शिल्पकार, ‘हेरेत्स’ नट, ‘स्क्लादातेल’ संगीतकार. हे पाच शब्द वहीत उतरवून नेले तर अनोळखी नावंही बोलायला लागतात. ‘नारोद्नी उम्येलेत्स’ दिसलं तर ती ‘राष्ट्रीय कलावंत’ ही सरकारी पदवी समजा, बहुतेक वेळा कम्युनिस्ट काळातली.

फलकावर सगळ्यात आधी कारेल हिनेक माखा शोधा. १९८९ चा मोर्चा आला तो याच्याच कबरीशी. माखा १८३६ च्या नोव्हेंबरमध्ये लितोम्येर्झित्से या गावी वारला, वय सव्वीसलाही काही दिवस कमी. ज्या दिवशी त्याचं लग्न ठरलं होतं त्याच दिवशी त्याला पुरलं. पुढे तो चेक भाषेचा सर्वांत लाडका कवी झाला, पण कबर त्या गावातच राहिली. मग १९३८ चा म्युनिक करार झाला. सीमेलगतचा मुलूख हिटलरला द्यायचा ठरलं आणि लितोम्येर्झित्से त्या मुलखात जाणार होतं. करारावर सह्या झाल्या ३० सप्टेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी चेकांनी माखाची कबर उघडून त्याच्या अस्थी बाहेर काढल्या. फौजा मागे हटत होत्या, घरं सोडून माणसं निघत होती, आणि त्या धांदलीत कोणीतरी एका कवीला शंभर वर्षांनी उचलून आणण्याचा विचार केला. मला या कृतीबद्दल फार आदर आहे.

१९३९ च्या मार्चमध्ये प्रागही जर्मनांच्या हाती गेलं. ७ मे १९३९ रोजी माखाला विशेहरादवर पुन्हा पुरण्यात आलं. ताब्यातल्या शहरात राजकीय सभा शक्यच नव्हती, पण अंत्ययात्रा काढता येत होती. लोक लोटले आणि तो एका राष्ट्राचा मूक निषेध ठरला. पन्नास वर्षांनी विद्यार्थ्यांनी याच कबरीशी मेणबत्त्या लावल्या, राष्ट्रगीत म्हटलं, आणि परवानगी मिळालेला कार्यक्रम इथेच संपला. पुढे जे झालं ते टेकडीखाली.

दुसरा थांबा कारेल चापेक. ‘रोबोट’ जगाला दिला तो याच्या १९२० च्या नाटकाने, आणि तो शब्द सुचवला त्याच्या मोठ्या भावाने, योसेफने. कारेल १९३८ च्या नाताळच्या दिवशी गेला. मार्चमध्ये प्राग घेतल्यावर गेस्टापो त्याला पकडायला घरी आले, तेव्हा तो जाऊन तीन महिने होत आले होते. योसेफला मात्र १ सप्टेंबर १९३९ ला पकडलं. दाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेन आणि शेवटी बेर्गेन-बेल्झेन. एप्रिल १९४५ मध्ये, सुटका दारात आलेली असताना, तो तिथेच संपला. देह मिळाला नाही. विशेहरादवर त्याच्यासाठी कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा: चित्रकार आणि कवी योसेफ चापेक इथे पुरला गेला असता, कबर दूर आहे. गट या दगडापाशी थांबत नाहीत. इथे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अशीच रिकामी जागा मिलादा होराकोव्हा हिची. वकील, संसद सदस्य, नाझींच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेली बाई. तिला कम्युनिस्ट राजवटीने बनावट खटला चालवून २७ जून १९५० ला फाशी दिलं. अस्थी घरच्यांना कधीच मिळाल्या नाहीत, म्हणून इथे फक्त प्रतीकात्मक कबर आहे. फाशी झाली तो पांक्राट्स तुरुंग नुस्ले दरीच्या पलीकडेच आहे, मेट्रोने अगदी जवळ. तिच्या दगडापाशी फुलं नेहमी ताजी असतात.

आता स्लावीन. दफनभूमीच्या पूर्वेकडच्या टोकाला उंचावर असलेली ही सामाईक समाधी. आराखडा आंतोनीन व्हील याचा, शिल्पं योसेफ माउडरची, बांधकाम १८८९ ते १८९३. पैसे दिले पेत्र फिशर यांनी. ते स्मीखोव्हचे महापौर. स्मीखोव्ह तेव्हा वेगळं गाव होतं. वर शवपेटीपाशी पंख पसरलेली देवता, एका बाजूला शोक करणारी मातृभूमी आणि दुसऱ्या बाजूला विजयी मातृभूमी. ‘मेले तरी अजून बोलतात’ अशा अर्थाची ओळ वर कोरलेली आहे. १९०१ मध्ये कवी युलिउस झेयर इथे पहिला आला. त्याच्यानंतर कवी व्र्ख्लित्स्की, शिल्पकार मिस्लबेक, विजेचे दिवे आणि प्रागची पहिली विजेची ट्राम आणणारा क्रिझीक, व्हायोलिनवादक यान कुबेलीक. यानचा मुलगा राफाएल वाद्यवृंदाचा संचालक होता. कम्युनिस्ट आल्यावर तो १९४८ मध्ये देश सोडून गेला, १९९० मध्ये वाद्यवृंदाचं संचालन करायला परतला आणि १९९६ मध्ये वडिलांशेजारी विसावला.

चित्रकार अल्फोन्स मुखाही स्लावीनमध्येच आहे. पॅरिसच्या नाट्यजाहिरातींमुळे त्याचं नाव आपल्याकडच्या कलाशाळांमध्येही माहीत असतं. चेक लोक त्याला आठवतात ते वेगळ्या कारणाने. जर्मन आले तेव्हा हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा त्यांनी चौकशीला नेला, तो न्यूमोनिया घेऊन परतला आणि १४ जुलै १९३९ ला गेला. माखाच्या दफनाला जेमतेम दोन महिने झाले होते. स्लावीनवर मोठ्या कबरी शोधू नका. सगळे खाली तळघरात आहेत, वर फक्त नावं. ती वाचायला खालपासून वरपर्यंत सावकाश नजर न्यावी लागते, पायऱ्यांवरून एक फोटो काढून हे होत नाही.

खिशातल्या नोटा बाहेर काढून बघा. पाचशे कोरुनांच्या नोटेवर लेखिका बोझेना न्येमत्सोव्हा, दोन हजारांच्या नोटेवर गायिका एमा देस्तिनोव्हा. दोघी इथे आहेत. न्येमत्सोव्हा दारिद्र्यात मेली १८६२ मध्ये, म्हणजे दफनभूमीला राष्ट्रीय रूप येण्याच्याही आधी. देस्तिनोव्हा स्लावीनमध्ये, १९१० मध्ये न्यूयॉर्कला पुच्चीनीच्या ऑपेराचा पहिला प्रयोग तिने गायक कारुझोबरोबर केला होता. हजाराच्या नोटेवरचा इतिहासकार पालात्स्की मात्र इथे सापडणार नाही, तो लोब्कोव्हित्सेला आहे. ज्या स्वातोबोर संस्थेकडे स्लावीनची जबाबदारी आहे, तिचा पहिला अध्यक्ष मात्र तोच, १८६२ साली.

भिंतीलगत वाड्याच्या ओसरीसारख्या कमानी आहेत, त्यांत अंतोनीन द्वोरझाक. अर्धपुतळा लादिस्लाव शालोउनचा, समोर नक्षीचं लोखंडी कठडं. गर्दी सगळ्यात जास्त इथेच असते, आणि कमानीत अंधार असल्याने दुपारच्या उन्हात फोटो काळा येतो. ढगाळ दिवस बरा. संगीतकार स्मेतानाचा दगड साधा उंच स्तंभासारखा आहे. १२ मे हा त्याचा स्मृतिदिन. त्या दिवशी कबरीपाशी आदरांजली होते आणि संध्याकाळी त्याच्याच ‘मा व्लास्त’ने ‘प्राग स्प्रिंग’ संगीत महोत्सव सुरू होतो. त्या रचनेचा पहिला भाग ‘विशेहराद’ आहे. कानात तो घालून इथे फिरणारे पुष्कळ दिसतात. मला ते पटत नाही, इथे पानांचा आवाज पुरे आहे. कवी यान नेरुदाही इथेच. चिलीच्या पाब्लो नेरुदांनी टोपणनाव त्याच्यावरून घेतलं असं सर्वसाधारणपणे मानतात. नोबेल मिळवलेला रसायनशास्त्रज्ञ हेरोव्स्कीसुद्धा इथे आहे; त्याने शोधलेली पोलॅरोग्राफी ही रासायनिक विश्लेषणाची पद्धत आपल्याकडे शिकलेल्यांनी त्याच्या कबरीशी अवश्य जावं.

काही वाहायचं असेल तर चेक रीत आधी जाणून घ्या. जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत देतात, कबरीवर सम संख्येत. आपल्याकडे याचा कोणी विचार करत नाही, तिथे मात्र नजरेत भरतं. मेणबत्ती शहरातल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये झाकणाच्या काचेत किंवा प्लास्टिकच्या डबीत मिळते. झाकण हवंच, टेकडीवरच्या वाऱ्यात उघडी ज्योत टिकत नाही. लायटरही लांब नळीचा घ्या, नाहीतर खोल डबीतल्या वातीपर्यंत बोटं पोचत नाहीत. २ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे दुशिच्की या मृतांच्या स्मरणदिनाला, सगळी दफनभूमी लाल डब्यांनी भरते. ते बघायचं असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते.

वेळेचा घोटाळा हिवाळ्यात होतो. दार सकाळी आठला उघडतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला बंद होतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाचलाच, आणि डिसेंबरमध्ये चारनंतर अंधारच पडतो. दगडांवरची अक्षरं झिजलेली आहेत, ती टॉर्चने नीट वाचता येत नाहीत. सकाळी नऊच्या आत पोचलात तर गट यायच्या आधी तासभर जागा जवळजवळ तुमची.

उतरताना पुन्हा विद्यार्थ्यांचा रस्ता धरा. १७ नोव्हेंबरला पोलिसांनी विशेहरादस्का रस्ता अडवला, म्हणून लोक व्ल्तावाच्या काठाने राष्ट्रीय रंगभूमीपर्यंत गेले आणि तिथून नारोद्नी रस्त्याला वळले. तिथे पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडून त्यांना झोडपलं, आणि कम्युनिस्ट राजवट कोसळायला तिथून सुरुवात झाली. त्या रस्त्यावर एका कमानीखाली उंचावलेल्या हातांचं छोटं ब्राँझ शिल्प आहे, खांद्याच्या उंचीला, डावी-उजवीकडे न बघता चाललात तर हमखास चुकतं. आल्बेर्तोव्हपासून इथपर्यंतची सगळी चाल साधारण चार-साडेचार किलोमीटर.

काही नावं विशेहरादवर शोधण्यात लोक वेळ घालवतात. फलकावर ‘काफ्का’ दिसला तर तो शिल्पकार बोहुमिल काफ्का आहे. फ्रान्झ काफ्का झेलिव्स्केहो मेट्रो स्टेशनाबाहेरच्या नव्या यहुदी दफनभूमीत आहे, ती शनिवारी बंद असते. तिला लागूनच ओल्शानी दफनभूमी, तिथे यान पालाख, सोव्हिएत फौजांच्या ताब्याच्या निषेधात १९६९ मध्ये स्वतःला पेटवून घेतलेला विद्यार्थी. गुप्त पोलिसांनी १९७३ मध्ये त्याची कबर हलवली होती, ती १९९० मध्ये परत आली. १९८९ नंतर राष्ट्राध्यक्ष झालेला वात्स्लाव हावेल त्याच रस्त्याने थोडं पुढे विनोहरादीच्या दफनभूमीत. या तिघांसाठी वेगळी सकाळ ठेवा, विशेहरादच्याच दिवशी त्यांना कोंबू नका. चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष मासारिक प्रागमध्ये नाहीच, तो लानी गावात आहे, तिथे शहराबाहेर जावं लागतं.