सरकारी कॉलेज, मग विमा कशाला?

ह्यूस्टनजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजच्या हिशेब विभागात मी काम करते आणि इमारतींच्या विम्याची फाइल माझ्या टेबलावर असते. हे कळलं की मंडळाच्या गणपतीत असो नाहीतर पुण्याहून आलेल्या फोनवर, प्रश्न ठरलेला: “सरकारी कॉलेज ना तुमचं? मग विमा कशाला? बुडालं तर सरकार देईलच की!” तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हे ‘सरकार’ कोण ते बघा. नर्सिंग, वेल्डिंग, एसी दुरुस्ती शिकवणारी, कमी फीची ही दोन वर्षांची कॉलेजं. टेक्सासमध्ये त्यांचं बोर्ड स्थानिक मतदार निवडून देतात आणि खर्चाचा मोठा वाटा आसपासच्या घरमालकांच्या मालमत्ताकरातून येतो. म्हणजे वादळात ज्यांची घरं बुडाली, त्यांच्याच खिशाकडे आम्ही बघायचं.

आता केंद्र सरकार. ते देतं, खोटं नाही. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की 1988 च्या स्टॅफर्ड कायद्याखाली ‘फेमा’ ही केंद्राची आपत्ती-मदत संस्था सार्वजनिक इमारतींच्या मंजूर दुरुस्तीखर्चाचा निदान 75 टक्के भाग उचलते. पण विम्याचे पैसे आधी वजा करून. खरी मेख पुढेच आहे. इमारत पूरक्षेत्रात असेल आणि तुम्ही पुराचा विमा घेतलाच नसेल, तरी तो घेतला होता असं धरून वजावट होते. केंद्राच्या पूरविमा योजनेतून जेवढे मिळू शकले असते तेवढे, म्हणजे इमारतीचे 5 लाख डॉलरपर्यंत आणि आतल्या सामानाचे 5 लाखांपर्यंत, कापले जातात. तेही प्रत्येक इमारतीमागे. ऑगस्ट 2017 च्या हार्वी वादळात इथल्या लोन स्टार कॉलेजच्या किंगवुड कॅम्पसमध्ये नऊपैकी सहा इमारतींत पाणी शिरलं होतं. त्यांच्या विम्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण सहा इमारती पूरक्षेत्रात आणि विम्याविना असल्या, तर कात्री 60 लाख डॉलरपर्यंत लागू शकते. शिवाय एकदा मदत घेतली की त्या इमारतीचा विमा पुढे चालू ठेवावाच लागतो. नाही ठेवला, तर पुढच्या पुरात त्या इमारतीसाठी हात पसरायची सोय नाही.

विमा घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. सगळा खेळ एका कंटाळवाण्या तक्त्यावर चालतो. त्याला आम्ही एसओव्ही (स्टेटमेंट ऑफ व्हॅल्यूज, म्हणजे किमतींचा तक्ता) म्हणतो. प्रत्येक इमारतीपुढे क्षेत्रफळ, बांधणीचं वर्ष, भिंती कशाच्या, छत किती जुनं, स्प्रिंकलर आहेत का, आणि शेवटी एक रक्कम: ही इमारत आज नव्याने उभी करायला किती लागतील. बाजारभाव नव्हे, हिशेबाच्या वहीतली किंमत तर नव्हेच. अमेरिकेत 1960 च्या दशकात जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं निघाली. त्या काळातल्या इमारती घसारा लावून लावून वहीत शून्याजवळ आल्या आहेत. त्या बांधायला मात्र आता कोट्यवधी डॉलर लागतात.

हप्ता या रकमेवर ठरतो, म्हणून ती कमी लिहायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या मते याच्याइतकी महागडी काटकसर दुसरी नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये असं कलम असतं की तक्त्यातल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे, उदाहरणार्थ 110 टक्क्यांपलीकडे, त्या इमारतीसाठी छदामही मिळणार नाही. मग तुम्ही एकूण कितीही कोटींचा विमा काढलेला असो.

जुन्या इमारतीत आणखी एक भानगड. अर्धी जळाली तरी नगरपालिका म्हणू शकते की आता सगळी आजच्या नियमांप्रमाणे बांधा: स्प्रिंकलर, लिफ्ट, व्हीलचेअरचे रॅम्प. साधी पॉलिसी होतं तसं करून देते, या वाढीव खर्चासाठी वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं. ऑटो विभागात कंपन्यांनी शिकवण्यासाठी दिलेल्या गाड्या उभ्या असतात. त्या आपल्या मालकीच्या नसतात, पण सांभाळ आपला. त्याही कुठेतरी लिहाव्या लागतात.

आणि विमा कंपनीची वजावट, म्हणजे नुकसानीतला आपणच सोसायचा पहिला भाग! हार्वीसारख्या नाव दिलेल्या वादळासाठी ती बहुधा इमारतीच्या विमाकिमतीच्या टक्क्यांत असते, नुकसानीच्या नव्हे. चार कोटी डॉलरची इमारत, 5 टक्के वजावट: पहिले 20 लाख आमचे. छताचं 15 लाखांचं नुकसान झालं तर विमा कंपनीकडून शून्य. अशा वर्षी तुमचा प्रश्न मलाही पटतो.

मग बरीच कॉलेजं एकत्र येऊन भिशीसारखा निधी करतात. फ्लोरिडातल्या राज्य कॉलेजांचा असा संघ आहे, कॅलिफोर्नियातही आहेत. लहानसहान नुकसान, फुटलेले पाइप वगैरे, त्या निधीतून भागतं. मोठ्या आपत्तीसाठी संघ वरच्या थरांचा विमा बाहेरून घेतो, आणि एकट्या कॉलेजपेक्षा संघाला भाव बरा मिळतो. शेजारच्या कॉलेजने स्वयंपाकशाळेची चिमणी साफ केली नाही, तर भुर्दंड सगळ्यांना, हेही आलंच.

“बरं, मग हप्ता किती भरता?” हा पुढचा प्रश्न असतोच. ते काही गुपित नाही. बोर्डाच्या जाहीर सभेत तो मंजूर होतो आणि कागदपत्रांत आकडा असतो. सभेला या, खुर्च्या रिकाम्याच असतात.