मायचं म्युकर अन् अ‍ॅम्फोटेरिसिनचं इंजेक्शन – माझा अनुभव

2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, आमच्या मायला कोरोना झाला. शुगर आधीपासूनच, त्यात स्टेरॉईड द्यावे लागले, आणि बरी होऊन बीडला घरी आल्यावर गाल बधीर झाला, वरचे दात हलायले, नाकातून काळपट यायला लागलं. आमच्या फॅमिली डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं, इथं टाईम घालू नका, आजच औरंगाबाद गाठा (तेव्हा नाव तेच होतं). तिथं म्युकर, म्हणजे काळी बुरशी, निघालं; एमआरआय, नाकातल्या सॅम्पलची तपासणी, ऑपरेशन हे सगळं भराभर झालं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते नंतरच्या बुरशी मारायच्या इंजेक्शनबद्दल, अ‍ॅम्फोटेरिसिन बी. औषध खूप कामाचं आहे पण देताना लै जपावं लागतं, आणि जवळ बसलेल्या माणसानं लक्ष ठेवलं तर किती फरक पडतो ते मी बघितलंय.

पहिली गोष्ट म्हणजे याचे प्रकार आहेत. एक साधं, त्याला कन्व्हेन्शनल म्हणतात, आणि एक लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत भरलेलं, किडनीला कमी त्रास देणारं. दोन्हीच्या वायलवर 50 एमजी लिहिलेलं, नाव पण अ‍ॅम्फोटेरिसिन बीच, पण डोस पार वेगळा. म्युकरला लायपोसोमल साधारण किलोमागं 5 एमजी देतात, मायचं वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला 300 एमजी, सहा वायल. साधं मात्र किलोमागं 1 एमजीच्या आसपास, दीडच्या वर कधीच नाही. आता लायपोसोमलचा हिशोब धरून कुणी साध्याच्या सहा वायल लावल्या तर हृदय बंद पडून माणूस जाऊ शकतो, इतकी गंभीर गोष्ट आहे ही. आणि त्या दिवसांत तुटवडा असा की इंजेक्शनं सरकारी वाटपातून हॉस्पिटलला मिळायची, आज लायपोसोमल आलं तर उद्या साधं, म्हणून मी रोज खोक्यावरचं नाव पूर्ण वाचायचो, वहीत लिहायचो, आणि प्रकार बदलला की ड्युटीवरच्या डॉक्टरला विचारायचो, "सर, आज साधं आलंय, डोस बदललाय ना?" ते कधीच चिडले नाहीत, दोनदा तर स्वतः केसपेपर काढून मला दाखवला.

दुसरं, हे इंजेक्शन फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चालतं. नॉर्मल सलाईनमध्ये टाकलं की औषध फुटतं, गढूळ होतं, खाली साका बसतो. नळीतसुद्धा आधीचं सलाईन राहायला नको, म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर नळी डेक्स्ट्रोजनंच धुवायची. बाटल्या लांबून सारख्याच दिसतात, नातेवाईक तर सगळ्यालाच सलाईन म्हणतात. मायला कळलं की ही ग्लुकोजची बाटली आहे तर ती लगेच म्हणाली, "आरं मला शुगर हाय अन् हे साखरेचं पाणी चढवायलेत, काढ म्हन त्यास्नी." शेजारच्या बेडवाल्यांनी पण तेच ऐकून बाटली बदलून मागितली होती. मोठ्या सिस्टरनं सगळ्यांना उभं राहून समजावलं, अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यासाठी शुगर तपासून इन्सुलिन वाढवतात, पण बाटली बदलायची नाही म्हणजे नाही. मला वाटतं ही गोष्ट वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला पाहिजे.

मग थंडी. साधं इंजेक्शन सुरू झालं की तासा-दोन तासात माय एवढी थरथरायची की पलंग हलायचा, वरून ताप. त्यासाठी आधी पॅरासिटामॉल, अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध), कधी हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉईड) द्यायचे. थंडी वाजली की सिस्टरला हाक मारायची, त्या स्पीड कमी करतात किंवा थोडा वेळ थांबवतात. साधं चार ते सहा तास चालतं, लायपोसोमल दोन तासांच्या आसपास. रात्रीचे बारा वाजले, सगळे दमलेत, म्हणून लवकर संपावं असं वाटून बाटलीचं चाक फिरवणारे लोक मी बघितलेत, मी हात जोडून सांगतो तसं करू नका, जोरात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

किडनीचं तर रोजचंच टेन्शन. औषधाच्या आधी नॉर्मल सलाईनची बाटली वेगळी देतात, किडनीला पाणी मिळावं म्हणून, आणि मग नळी डेक्स्ट्रोजनं धुवून औषध. लघवी किती झाली ते मापून मी लिहायचो. क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की रक्तात वाढतं ते) 0.9 होतं ते 1.8 वर गेलं, तेव्हा डॉक्टरांनी औषध थांबवून पुढं लायपोसोमल मिळेपर्यंत वाट बघितली. दात दुखतो म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी मागवायला निघाले होते आमचे काका, ती सिस्टरनं अडवली, कारण तसल्या पेनकिलरनं किडनीवर अजून भार येतो. आणि पोटॅशियम. एकदा 2.8 आलं, नॉर्मल 3.5 च्या वर पाहिजे, पायात गोळे यायचे, उठवत नव्हतं. पोटॅशियमचं सिरप पाण्यात मिसळून दिलं तरी वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासलं, तेही कमी निघालं, ते भरून काढल्यावरच पोटॅशियम वर आलं. पाव्हणे मंडळी रोज शहाळं घेऊन यायची, पण शुगर आणि वाढलेलं क्रिएटिनिन, दोन्ही असताना विचारल्याशिवाय काहीच द्यायचं नाही असं मी सगळ्यांना सांगून टाकलं, वाईट वाटलं काहींना, पण काय करणार.

हाताच्या शिरा पण कडक होऊन सुजल्या, सारखी जागा बदलावी लागली. वायल 2 ते 8 डिग्रीला ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही. खर्चाचं म्हणाल तर राज्य सरकारनं म्युकरला महात्मा फुले योजनेत घेतलं होतं, त्यामुळं आम्ही तरलो.

पुढं इंजेक्शन बंद करून पोसाकोनाझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्याच, गोळ्या सुरू केल्या, पहिल्या दिवशी 300 एमजी दोनदा, मग रोज एकदा, जेवणासोबत, अख्ख्या गिळायच्या, चुरायच्या नाहीत. मायची कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन तेव्हा बंद ठेवावी लागली, दोन्ही सोबत चालत नाहीत, त्यामुळं घरातल्या जुन्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून मी ओपीडीत नेली आणि डॉक्टरांसमोर एकेक दाखवली.