नुसते वॅट विचारू नका: पावसाळ्यातल्या प्लाझ्मा थरांच्या नोंदी

मंडळी, हेक्सामिथिलडायसिलॉक्सेनचे (पुढे नुसतं एचएमडीएसओ, सिलिकॉन असलेला एक द्रव) थर आता हवे तसे बसू लागलेत. हवा काढलेल्या चेंबरमध्ये त्याची वाफ सोडायची, विजेने तिचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू करायचा, की काचेवर किंवा धातूवर पातळ थर बसतो. मुक्काम मालवण, पाऊस जोरात, गॅस बॅलास्ट (निर्वात पंपात थोडी हवा सोडणारी झडप) कायम उघडा. नाहीतर पंपाच्या तेलात पाणी मिसळून त्याचं ताक होतं.

"किती वॅटवर चालवतोस?" हा प्रश्न हमखास येतो. नुसत्या वॅटवरून काहीच कळत नाही. प्लाझ्मा थरांचे संशोधक यासुदा यांचं गुणोत्तर धरा: वॅट भागिले (वाफेचा प्रवाह गुणिले रेणुभार). थोडक्यात, ग्रॅममागे किती ऊर्जा. फ्लो कंट्रोलर (प्रवाह मोजून राखणारं यंत्र) नसला तरी अडत नाही. मोनोमरची (थराच्या कच्च्या मालाची, इथे एचएमडीएसओची) बाटली आधी आणि नंतर सोनारी काट्यावर ठेवायची. वाफ होताना बाटली गार पडते आणि प्रवाह घसरतो, म्हणून ती पाण्याच्या पातेल्यात बसवलीय. माझ्याकडे तासाला ०.८७ ग्रॅम जातं. २० वॅट म्हणजे तासाला ७२ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅमला साधारण ८३. पॉवर निम्मी आणि प्रवाह दुप्पट केला की तोच आकडा २१ वर येतो. (वॅट धरताना फॉरवर्डमधून, म्हणजे पाठवलेल्या पॉवरमधून, रिफ्लेक्टेड, म्हणजे परत फिरलेली, वजा करा.)

२१ ला मिथिल गट (रेणूतले पाणी झटकणारे कार्बन-हायड्रोजनचे तुकडे) बरेचसे टिकतात. थर मऊ, पाण्याचा थेंब गोल उभा राहतो, पण नखाने ओरखडा उठतो. ८३ ला रेणूंची मोडतोड जास्त, जाळं घट्ट, नख लागत नाही. भरपूर ऑक्सिजन सोडला तर कार्बन वायू होऊन पंपावाटे निघून जातो, मागे काचेसारखा थर उरतो आणि त्यावर थेंब पसरतो. दाब फार वाढवू नका, वायूतच कण धरतात आणि काचेवर पांढरी भुकटी बसते.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी. चेंबर उघडलं की इथली दमट हवा भिंतींवर पाणी चिकटवून जाते. प्लाझ्मात त्या पाण्यातून ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल सुटतात, म्हणजे न सोडलेला ऑक्सिजन आपोआप मिसळतो. मे महिन्यातल्या सेटिंगवर श्रावणात थेंब चपटा दिसला, तो यामुळेच. गळती की पाणी, हे ओळखायला पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाबाचं गेज बघत बसायचं. दाब एकसारखा चढत राहिला तर गळती, चढता चढता मंदावला तर पाणी. माझ्याकडे मंदावतो. आता हवा सिलिका जेलमधूनच आत घेतो, रात्रभर पंप चालवतो आणि भिंतींवरचं पाणी झटकायला आधी आर्गॉनचा प्लाझ्मा फिरवतो. फरक थेंबातच दिसतो.

गच्चीवर खाऱ्या वाऱ्यात हे थर दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या टांगल्यात. कडक थर जिथे जाड झाला तिथे आतल्या ताणाने बारीक तडे गेले, आणि हिरवा गंज नेमका त्या रेषांवरून धावलाय. मऊ थर अजून शाबूत आहे. म्हणून आता खाली मऊ, वर कडक असं एकाच फेरीत करून बघणार: प्रवाह तोच ठेवून पॉवर हळूहळू चढवायची. पल्स देऊन (पॉवर सतत न देता चालू-बंद करत) कोणी हेच केलं असेल तर ऑन-ऑफची वेळ किती ठेवली ते कळवा.