आधी रेट बदला, मग लाईन

लीन, म्हणजे टोयोटाकडून आलेली, वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची पद्धत, आपल्या शिलाई कारखान्यांत का टिकत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं रबाळे, गारमेंटवाले भेटले की प्रश्न ठरलेला: "लीनचं ट्रेनिंग दिलं, जागा नीटनेटकी ठेवायचे फाइव्ह एसचे बोर्ड लावले, तरी लाईन पुन्हा पहिल्यासारखी का होते?"

कारण पीस रेट, म्हणजे नगावर मिळणारी मजुरी, तसाच राहतो.

शर्टाच्या लाईनवर उभं राहून बघा. कापलेल्या भागांच्या बंडलासोबत कुपनं येतात. कारागीर आपलं काम झालं की आपल्या ऑपरेशनचं कुपन फाडून कार्डावर चिकटवतो, त्यावर त्याचा पगार निघतो. म्हणून तो मशीनपाशी दोन-तीन बंडलं जादा धरून ठेवतो. लीनच्या भाषेत तो अडकलेला माल. पण दिवा स्टेशनजवळ खोलीचं भाडं भरणाऱ्या माणसाला तीच खात्री असते, की आज हात रिकामा राहणार नाही. आता बंडल काढून एकेक पीस पुढे द्यायला लावलं, की कॉलरवाल्याचं मशीन बिघडताच पुढची बाह्या जोडणारी बाई बसून राहते. तिचा रेट मात्र नगावरच. तिनं हे का मान्य करावं? टोयोटात दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकतो, कारण थांबल्याबद्दल त्याची मजुरी कापली जात नाही. आपण दोरी आणली, मजुरीचा भाग तिकडेच राहिला.

बाकी अडचणीही आहेत. स्टाईल सतत बदलते, भिवंडीहून कापड वेळेत आलं तर बटणं अडकतात, होळीला निम्मी लाईन गावी जाते. शिवाय कटिंगला थरावर थर एकदम कापतात. एका थराचे भाग एकमेकांनाच जोडावे लागतात, नाहीतर बाहीची शेड वेगळी दिसते. त्यामुळे बंडल लहान केलं तरी नंबरिंग, म्हणजे प्रत्येक भागावर थराचा नंबर टाकणं, सोडून चालत नाही.

कारखानदारांना मी सांगतो, एकच लाईन घ्या. तीस पिसांचं बंडल थेट एकावर आणू नका, आधी पाचावर आणा. शिकण्याच्या काळात प्रत्येकाला मागच्या तीन महिन्यांची सरासरी कमाई लेखी द्या. नंतर पूर्ण टीमचा एकच रेट ठेवा, चेकिंगला पास झालेल्या पिसांवर. दुसरं मशीन शिकेल त्याला वेगळा भत्ता द्या. अल्टर, म्हणजे चुकलेला पीस उसवून पुन्हा शिवणं, कमी झाल्यानं जे वाचेल त्यातला वाटा कारागिरांना मिळायलाच हवा, आणि तो किती हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीच मालकानं स्वतः लाईनवर येऊन सांगावं.