सेगमेंटेड रिंग सपाट करताना: एक बाजू दगडावर, दुसरी लेथवर

लाकडाच्या रिंगा एकावर एक चिकटवून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, भांडं घडवतात. त्यातली बारा तुकडे चिकटवून केलेली (सेगमेंटेड) रिंग सुकल्यावर टेबलावर ठेवली की हमखास डुगडुगते. फेव्हिकॉल ओला असताना तुकडे सरकतात, कुठे अर्धा मिलिमीटर वर, कुठे तेवढेच खाली. अशी रिंग दुसरीवर बसवून क्लॅम्प कितीही आवळला तरी फट बुजत नाही. रिंग ताठ असते, ती वाकत नाही. म्हणून चिकटवतानाच तुकडे सनमायका लावलेल्या फळीवर, खाली प्लास्टिक टाकून, बोटांनी दाबून घ्यावेत. पुढचं निम्मं घासणं तिथेच वाचतं.

घासायची घाई मात्र नको. फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते फुगलेलं असतानाच सपाट केलं, तर पाणी उडाल्यावर नेमका सांधा खाली बसतो आणि तिथे बारीक खाच दिसते. एरवी २४ तास पुरतात, पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस द्यावेत.

पहिली बाजू हातानं. स्वयंपाकाच्या ओट्यात सिंकसाठी भोक पाडताना निघालेला ग्रॅनाइटचा तुकडा यासाठी उत्तम. पॉलिशच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरून दोन्ही कर्णांवर उजेड दिसतो का ते पाहावं. त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर स्प्रे गोंदानं चिकटवायचा. दोन पट्ट्या शेजारी लावल्या तर कडा एकमेकींवर चढता कामा नयेत. पेपरखाली बुडबुडा राहिला तरी रिंगच्या कडा गोलावतात, आणि हा दोष हातानं घासणाऱ्याच्या लक्षात फार उशिरा येतो.

रिंगवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा मारा. आठाच्या आकड्यासारखं फिरवत दहा हात घासले की रिंग पाव फेरा वळवायची. नाहीतर आपला जोर ज्या बाजूला जास्त, ती बाजू पातळ होते. पेपर भरला की जुन्या चपलेचा क्रेप सोल त्यावर रगडावा, भुसा उचलला जातो. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की ही बाजू झाली. दुसऱ्या बाजूला इथे हातही लावायचा नाही.

ती बाजू रिंग भांड्यावर चिकटल्यावर लेथवरच करायची. एकाला समांतर दुसरी बाजू हातानं काढणं कठीण. लेथ ते आपोआप करतं. त्यासाठी १८ मिमी एमडीएफची १०० मिमी रुंद फळी लागते. लांबी रिंगच्या व्यासापेक्षा निदान १५० मिमी जास्त, म्हणजे २४० मिमीच्या रिंगला ४०० मिमी. तिच्यावर कापडी पाठीचा ८० नंबरचा पेपर. रविवार पेठेत बोहरी आळीत तो मिळतो. उंचसखलपणा मिलिमीटरभर असेल तर आधी गाऊजनं (लेथच्या पन्हळी पटाशीनं) उतरवून घ्यावा, पेपरनं तेवढं काढत बसू नये.

फळी धरण्यात सगळं कसब आहे. ती केंद्रावरून जाऊन रिंगच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकली पाहिजे. एकाच बाजूला धरली तर तोंड कोनासारखं उतरतं, आतली कड आणि बाहेरची कड वेगळ्या पातळीवर येते. आता रिंगची आपल्याकडची बाजू खाली जात असते आणि पलीकडची वर, त्यामुळे फळी पंख्याच्या पात्यासारखी फिरू पाहते. म्हणून फळीचं आपल्याकडचं टोक टूलरेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या लेथच्या आडव्या पट्टीवर, टेकवायचं, तो झटका टूलरेस्ट झेलतो. वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, दाब हलका. जोर लावला की फेव्हिकॉल तापून मऊ होतो आणि पेपरवर चिकट काळपट पट्टे उमटतात. तो पेपर मग जळका वास सोडत लाकूड नुसतं चोळतो.

शेवटची पारख कोरडी, गोंद न लावता: नवी रिंग वर ठेवून, मागे टॉर्च धरून भांडं सावकाश फिरवा. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा पेन्सिल, पुन्हा फळी. १२० नंबरच्या पुढे जायची गरज नाही.

पावसाळ्यात फळी भिंतीला टेकवून ठेवली की वाकते, आणि वाकडी फळी रिंगही वाकडीच करते. ती आडवी, ग्रॅनाइटवरच ठेवावी. शिसम आणि एखादं पांढरं लाकूड एकत्र असेल तर भुसा ओल्या फडक्यानं पुसू नये, शिसमाचा रंग पांढऱ्या लाकडाच्या छिद्रांत उतरतो. कोरडा ब्रश किंवा व्हॅक्यूम वापरा, आणि मास्क लावूनच, कारण शिसमाचा भुसा नाकाघशाला त्रास देतो.